साडेनऊ तासांचं दूध

रजेचा हिशोब मी सातव्या महिन्यातच मांडला होता. कायद्याने २६ आठवडे. त्यातले तीन बाळंतपणाच्या आधीच गेले, कारण पाय इतके सुजले होते की चपलेत जाईनात. उरले २३. म्हणजे चिऊ पाच महिने आणि एका आठवड्याची होईल, त्या दिवसापासून मला सकाळी नऊला घर सोडायचं होतं आणि साडेसहाला परत यायचं होतं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी सोडतानाच बजावलं होतं. मध्ये तीन-सव्वातीन आठवडे राहत होते. तेवढे दिवस चिऊने माझंच दूध प्यायचं, फक्त मी तिथे नसताना. पुढे वरणाचं पाणी, मऊ भात सुरू झाला तरी वर्षभर मुख्य अन्न दूधच असणार होतं, म्हणजे प्रश्न तीन आठवड्यांपुरता नव्हताच. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते तीन आठवडेच होते.

काळजी वाटत नव्हती, कारण बाटली ती एकदा प्यायलेली होती. सहा आठवड्यांची असताना मला टाके दाखवायला जायचं होतं. हातपंपाने साठ मिली दूध काढून ठेवलं, नवऱ्याने बाटलीने पाजलं. मी परत आले तेव्हा बाटली रिकामी आणि लेक गाढ झोपलेली. आम्हाला वाटलं, झालं, हिला बाटली येते. बाटली धुऊन, पुसून, माळ्यावरच्या खोक्यात गेली आणि पुढचे पावणेतीन महिने तिथेच राहिली. मी घरीच होते. अंगावर पाजणं सोपं होतं, रात्री उठून काही उकळायला नको, काही धुवायला नको. बाटली काढायचं कारणच पडलं नाही.

नेमकं हेच नडलं. आमच्या दवाखान्यातल्या लॅक्टेशन कौन्सेलर, म्हणजे स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या, मॅडमनी नंतर समजावलं. पहिले तीन-चार महिने बाळ तोंडात आलेलं काहीही आपोआप चोखतं, ती जन्मजात प्रतिक्रिया असते. मग ती हळूहळू मावळते आणि चोखायचं की नाही हे बाळ स्वतः ठरवायला लागतं. सहाव्या आठवड्यात चिऊने बाटली 'स्वीकारली' नव्हती, तिच्या तोंडाने ती नुसती ओढली होती. तेव्हापासून दोन-तीन दिवसांआड एकदा, अगदी तीस मिलीची का होईना, बाटली चालू ठेवली असती तर तिला ती ओळखीची राहिली असती. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर, असं फार वाटलं. पण सांगणार कोण? आपल्याकडे १९९२चा कायदा आहे, त्याने दूध पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे, आणि डॉक्टर बाटलीचा विषयच काढत नाहीत. दोन्ही योग्यच आहे. अस्वच्छ बाटलीने किती बाळांना जुलाब होतात हे डॉक्टर रोज बघत असतात. फक्त नोकरीवर परतणाऱ्या बाईला यातलं काही कळत नाही, ती मध्येच कुठेतरी राहते.

रजा संपायला पाच आठवडे होते तेव्हा बाटली माळ्यावरून खाली आली. दहा मिनिटं उकळली. दूध काढलं, कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. चिऊला नेहमीसारखं मांडीवर आडवं घेतलं आणि निपल ओठांना लावलं. तिने तोंड उघडलं. निपल आत गेलं, एक क्षण ती थांबली, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की ते डोळे मला अजून आठवतात. तिला फसवल्यासारखं वाटलं असावं. जिभेने निपल बाहेर ढकललं, मान माझ्या छातीकडे वळवली आणि ब्लाउज तोंडाने शोधायला लागली. मी पुन्हा निपल लावलं. तिने टाहो फोडला.

पुढचे आठ दिवस दिवसातून तीनदा हेच. आम्हाला वाटलं बाटली चुकीची असेल. रुंद निपलची आणली, मग चपट्या निपलची, मग एक काचेची, असं करत चार बाटल्या झाल्या आणि जवळपास दोन हजार रुपये गेले. प्रत्येक नव्या खोक्यावर 'आईच्या स्तनासारखी' अशा अर्थाचं काही ना काही होतं. चिऊला ते पटत नव्हतं. तिला फरक कळत होता, आणि का कळू नये? स्पर्श वेगळा, ऊब वेगळी, ताण वेगळा. जिथे तिला चार महिने खरं मिळालं होतं त्याच कुशीत, त्याच पदराखाली मी तिला रबर देत होते. आज हे मला स्वच्छ दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं.

मग तो वाईट दिवस आला.

माझ्या ओळखीतल्या एकीने, तिची स्वतःची दोन मुलं मोठी झालेली, मला खात्रीने सांगितलं की भूक कडकडून लागली की घेते. 'तू पाघळतेस म्हणून ती हट्ट करते. एक दिवस जीव घट्ट कर.' शनिवार होता. सकाळी सातला पाजलं आणि ठरवलं की आता बाटलीशिवाय नाही. दहाला तिने मागितलं. बाटली दिली, तिने तोंड फिरवलं. साडेदहाला रडायला लागली. नवऱ्याने घेऊन बघितलं, सासूबाईंनी घेऊन बघितलं, मी घेऊन बघितलं. साडेअकरापर्यंत तिचा आवाज बसला. बाटली नुसती दिसली तरी पाठीची कमान करून मागे पडत होती. माझा पान्हा सुटून गाऊन ओला झालेला, आणि मी स्वतःला सांगत होते की अजून थोडं, अजून थोडं. सव्वा वाजता सासूबाईंनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली. त्या मला कधी वरच्या आवाजात बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या, 'पुरे झालं. पाज आधी तिला.'

मी पदराखाली घेतलं तर ती लगेच ओढेना. हुंदक्यांनी श्वास पुरत नव्हता, दोनदा लावलं, दोनदा सुटलं. मग लागली, आणि ओढता ओढताच हुंदके देत राहिली. सहा तास पंधरा मिनिटं. मी हा आकडा मुद्दाम लिहिते आहे, कारण मी ते केलं आणि ते करू नये. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, पुन्हा असं करायचं नाही. इतक्या लहान बाळाच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. आणि बाळाने बाटली शिकायला हवी असेल तर ते भुकेने पिसाळलेलं नसावं, कारण भुकेलं बाळ नवीन काही शिकत नाही, त्याला फक्त ओळखीचं हवं असतं. चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, हा हिशोब त्यांनीच दिला. आणि हेही म्हणाले की बाटलीच कशाला? वाटी-चमच्याने पाजा, ते जास्त स्वच्छ. नंतरचे दोन दिवस चिऊ स्वयंपाकघरात वाळत घातलेल्या बाटल्या बघूनही ओठ काढायची. आम्ही त्या कपाटात ठेवल्या आणि विषय आठवडाभर बंद केला.

त्या आठवड्यात दुसरीच गोष्ट उघडकीला आली, आणि ती सासूबाईंच्या नाकामुळे. मी महिनाभर दूध साठवत होते. पहाटे पाजून झालं की दुसऱ्या बाजूचं पंपाने काढायचं, पिशवीत भरायचं, तारीख घालायची, फ्रीजरमध्ये ठेवायचं. चौदा पिशव्या झाल्या होत्या आणि मला त्यांचा फार आधार वाटायचा. रात्री फ्रीजर उघडून मोजायचे. सासूबाईंनी आदल्या दिवशीच्या फ्रीजमधल्या दुधाची बाटली धुवायला घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, 'अगं, याला साबणाचा वास येतोय. नीट खळबळली नव्हतीस का?' मी नीट खळबळली होती. मी ते दूध जिभेवर घेऊन बघितलं. साबणासारखं, मागे किंचित तुरट-कडवट. मग त्याच क्षणी थोडं ताजं काढून चाखलं. ते गोड होतं, पातळ गोड, उसाच्या रसाच्या पहिल्या घोटासारखं.

कौन्सेलर मॅडमना फोन केला. त्यांनी लगेच सांगितलं, लायपेज. आईच्या दुधात हे पाचकद्रव्य असतंच, ते दुधातली चरबी फोडतं आणि बाळाला पचायला मदत करतं. काही बायकांचं दूध साठवलं की त्याने लवकर चव बदलते. दूध खराब झालेलं नसतं, बाळाला अपाय नसतो. काही बाळं ते तक्रार न करता पितात. काही नाही पीत. म्हणजे जे आठ दिवस मी तिला बाटली देत होते त्यातल्या निम्म्या वेळा, फ्रीजमधलं दूध कोमट करून, मी तिला साबणाच्या चवीचं दूध देत होते. आणि त्या शनिवारी दिलेलं सगळं फ्रीजमधलंच होतं. हे कळल्यावर मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून रडले. तिला शब्द नव्हते, तिने तोंड फिरवून सांगितलं होतं, आणि आम्ही त्याला हट्ट म्हणालो होतो.

मग मी नीट तपासलं. एकाच वेळी काढलेल्या दुधाचे चार छोटे भाग फ्रीजमध्ये ठेवले आणि ठराविक वेळाने वास घेतला, चव घेतली. सहा तासांनी बरं होतं. बारा तासांनी हलका बदल. चोवीस तासांनी साबण. म्हणून नियम ठरला: पहाटे पाचला काढलेलं त्याच दिवशी दुपारपर्यंत द्यायचं, ते कच्चंच. जे साठवायचं ते काढल्याबरोबर छोट्या पातेल्यात मंद आचेवर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून गार करून फ्रीजरमध्ये टाकायचं. तापवल्याने लायपेज थांबतं. थोडे संरक्षक घटकही जातात, म्हणून जे ताजं देता येतं ते कधी तापवायचं नाही. एकदा वास बदलला की मात्र तापवून उपयोग नसतो, चव परत येत नाही.

चौदा पिशव्यांचं काय करायचं? मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, आता पुण्यातही अशा पेढ्या आहेत, हे मला माहीत होतं. वाटलं, कुणा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तरी पोटात जाईल. एका पेढीत विचारलं. आधी आईच्या रक्ताच्या तपासण्या लागतात आणि दूध त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या भांड्यात काढलेलं लागतं. बरोबरच आहे, ती बाळं किती नाजूक असतात. पिशव्या परत आल्या. मी मोरीत ओतायला निघाले तर सासूबाईंनी थांबवलं. 'आईचं दूध मोरीत नाही ओतायचं. झाडाला घाल.' गॅलरीतल्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला रोज एकेक पिशवी पाणी मिसळून घातली. दोन आठवडे लागले.

डॉक्टरांनी वाटी-चमचा म्हटल्यावर सासूबाईंनी कपाटातून बोंडलं काढलं. चांदीचं, चिंचोळ्या नळीचं, नवऱ्याच्या बारशाला त्याच्या आजोळहून आलेलं. चिऊच्या बारशातही कोणीतरी वाटी-चमचा दिला होता, पण हे जुनं, जड आणि गुळगुळीत झालेलं. त्यांनी ते उकळलं, चिऊला मांडीवर टेकून बसतं केलं आणि नळी गालाच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन थेंब सोडले. ताजं दूध होतं. चिऊने जीभ फिरवली. थांबली. मग तोंड उघडलं.

मी दाराआडून बघत होते. पाच मिली गेलं असेल, तेवढंच हनुवटीवरून दुपट्यावर. पण ती रडली नाही. रोज थोडं थोडं करत वीस मिलीपर्यंत आलो. एकदा घाईत नळी जरा जास्त कलती झाली आणि तिला ठसका लागला, तेव्हा कळलं की यात देणाऱ्याचा हात फार स्थिर लागतो, बाळ पूर्ण जागं आणि बसतं लागतं, आणि एक घोट गिळल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. साठ-सत्तर मिली पाजायला पाऊण तास लागायचा आणि अर्धं सांडायचं. दिवसातून चार वेळा हे सासूबाईंच्या दुखऱ्या खांद्याला झेपणार नव्हतं. तरी माझा जीव तिथेच थोडा भांड्यात पडला. आता निदान ती उपाशी राहणार नव्हती. आणि चिऊला एक गोष्ट कळली होती, की दूध आईच्या अंगाशिवाय दुसरीकडूनही येऊ शकतं. मला वाटतं पुढचं सगळं त्याने सोपं केलं.

रजा संपायला दोन आठवडे राहिले तेव्हा मावशी यायला लागल्या. सासूबाईंना मदत म्हणून दिवसभरासाठी. भोरकडच्या, तीन नातवंडं वाढवलेल्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बाटल्यांच्या चारही तऱ्हा दाखवल्या. चिऊला माझा वास यावा म्हणून माझा वापरलेला गाऊन भोवती गुंडाळायचा असं मी कुठेतरी वाचलं होतं, तोही पुढे केला. त्यांनी तो घडी घालून परत माझ्या हातात दिला.

'ताई, तुमचा वास आला की तिला तुमीच पायजे. तुमी खाली जावा. बिल्डिंगमदीच नका थांबू.'

त्यांनी जे केलं ते मी नंतर सासूबाईंकडून आणि मग लपून बघून समजून घेतलं. त्यांनी मांडीवर आडवं घेतलंच नाही. चिऊची पाठ आपल्या पोटाला लावून, तोंड बाहेर करून, एका हाताने कमरेला धरून त्या गॅलरीत उभ्या राहायच्या. खाली रस्ता, रिक्षा, समोरच्या वायरीवर कावळे. चिऊ बघण्यात रमली की रिकामी बाटली, हो, रिकामी, तिच्या हातात द्यायची. चार दिवस फक्त खेळ. तिने निपल चावलं, बाटली आपटली, फेकली. मावशी उचलून धुऊन पुन्हा द्यायच्या. बाटलीत दूध असलंच पाहिजे असं त्यांना वाटत नव्हतं आणि पोटात गेलंच पाहिजे असंही नाही. आमच्या हातात बाटली असायची तेव्हा आम्हा तिघांच्याही चेहऱ्यावर परीक्षेचा ताण असणार. मावशींच्या चेहऱ्यावर तो नव्हता.

पाचव्या दिवशी निपल कोमट पाण्यात बुडवून, थोडं ताजं दूध घालून. वेळही त्यांनी निवडली: शेवटचं पाजून दीड-दोन तास झालेले, दुपारची झोप नुकती झालेली, अजून डोळे पुरते उघडले नाहीत अशी. निपल वरच्या ओठाला टेकवून थांबायचं. आत घालायचं नाही. तिने स्वतः तोंडात ओढलं तर ठीक, नाहीतर पाच मिनिटांत बाटली बाजूला आणि गाणं. त्या दिवशी दहा मिली. मावशींनी बोटाने खूण दाखवली तेव्हा मला खरं वाटेना, मी बाटलीवरची रेघ तीनदा बघितली.

कौन्सेलर मॅडमनी मावशींची पद्धत ऐकून एवढीच भर घातली की निपल सगळ्यात हळू धारेचं ठेवा आणि बाटली उभी न धरता जवळजवळ आडवी धरा, म्हणजे दूध आपोआप तोंडात पडणार नाही, तिला ओढावं लागेल. पाच-सहा घोटांनी बाटली किंचित खाली करायची, तिला दम घेऊ द्यायचा. अंगावर पिताना बाळ असंच थांबत थांबत पितं. आणि एक आकडा त्यांनी दिला, ज्याने माझ्या डोक्यावरचं ओझं निम्मं झालं. मी समजत होते की साडेनऊ तासांसाठी लिटरभर दूध साठवायचं आहे, कारण नातेवाइकांची वरच्या दुधावरची मुलं एका वेळी दोनशे मिली पिताना पाहिली होती. मॅडम म्हणाल्या, या वयात अंगावरचं दूध ताशी साधारण पंचवीस ते तीस मिली धरा. साडेनऊ तासांचे साधारण दोनशे चाळीस ते दोनशे पंच्याऐंशी. सत्तर मिलीच्या चार बाटल्या. तेवढं मी पहाटे आणि रात्री मिळून काढू शकत होते.

आधीच्या चार बाटल्यांपैकी चालली ती पहिलीच, माळ्यावरची, साध्या निपलची.

त्यानंतर तालीम. मी घरी नसणं हा या सगळ्याचाच भाग होता. पहिल्यांदा दोन तास. कुठे जायचं ते कळेना, म्हणून सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात संध्याकाळी चारला जाऊन बसले. जपानी धाटणीची ती बाग, कापून गोल केलेली झुडपं, वाहत्या पाण्याचा आवाज, आणि मी बाकावर मोबाईल मांडीवर ठेवून बसलेले. शेजारच्या बाकावर कुणाचं तरी बाळ रडलं आणि माझा पान्हा फुटला. ओढणी पुढे घेतली. साडेपाचला मावशींचा फोन.

'चाळीस पेली. मग नको म्हनली. मी पन जबरदस्ती न्हाई केली.'

मी बागेतच उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही.

कामावर जायच्या आदल्या दिवसापर्यंत सर्वांत जास्त एका वेळी पासष्ट मिलीपर्यंत मजल गेली. पुरेसं होतं असं नाही. पण बोंडलं होतंच, आणि मला एवढं समजलं होतं की ती बाटलीशी ओळख करून घेत होती, तिला तिच्या चालीने जाऊ द्यायचं होतं.

मार्चचा तिसरा आठवडा, पुण्याचा उन्हाळा तापलेला. खोलीच्या तापमानाला काढलेलं दूध चार तास चालतं म्हणतात, पण ते पंचवीस अंशांना, आणि आमच्या स्वयंपाकघरात दुपारी तेहेतीस असायचं. म्हणून सासूबाईंना एकच सांगितलं: फ्रीजबाहेर काढलं की लगेच द्यायचं, कोमट पाण्याच्या वाडग्यात बाटली ठेवून, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि तोंड लावलेलं दूध उरलं तर ठेवायचं नाही. ऑफिसात मी दोनदा पंप करायचे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत दोन सुट्ट्या देण्याची तरतूद कायद्यातच आहे. ते मी आधीच वाचून गेले होते, म्हणून मागताना आवाज कापला नाही. जागा मात्र नव्हती. कंपनीच्या पाळणाघरात वर्षापुढचीच मुलं घेत. शेवटी फाइलींच्या खोलीची किल्ली मिळाली. आतून कडी, कपाटांना पाठ लावून खुर्ची, बर्फाच्या पिशव्यांचा डबा पायाशी. दूध येईना तेव्हा मोबाईलवर चिऊचा झोपेतला व्हिडिओ लावायचे. त्यातला तिचा श्वास ऐकला की यायचं.

पहिल्या आठवड्यात दिवसभरात तिने एकशे दहा, एकशे तीस, एकशे वीस मिली घेतलं. उरलेलं सगळं तिने रात्री वसूल केलं. अकरा, एक, तीन, पाच. मी सकाळी कशी उभी राहायचे ते मलाच माहीत. डॉक्टर म्हणाले, आई दिवसा नसली की काही बाळं आपला दिवस रात्रीकडे सरकवतात. लंगोट सहा आहेत ना, वजन वाढतंय ना, मग काळजी नाही. महिन्याच्या वजनाला साडेतीनशे ग्रॅम वाढलेले दिसले तेव्हा मी त्या वजनकाट्याचा फोटो काढला. दोन आठवड्यांनी दिवसाचं दूध दोनशेच्या पुढे गेलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी वहीत लिहिलेल्या चारही आकड्यांपुढे सत्तर होतं. वही त्यांच्या नातीने भरली होती, मावशी सांगायच्या आणि ती लिहायची. ती वही मी जपून ठेवली आहे.

सासूबाईंच्या हातूनही ती प्यायला लागली. गॅलरीत उभं राहायची गरज उरली नाही, पलंगावर लोडाला टेकून बाटली दोन्ही हातांनी धरायची. नवऱ्याच्या हातून रविवारी प्यायची, तोही आनंदाने टीव्ही बंद करून तिच्याशी गप्पा मारत पाजायचा.

एका शनिवारी मी घरी होते. मावशी नव्हत्या, सासूबाई देवळात गेलेल्या. मला ताप होता, औषध चालू होतं. अंगावर पाजलं तर चालेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पण अंग इतकं दुखत होतं की वाटलं, आज बाटली देऊ या. सगळं मावशींसारखं केलं. पाठ पोटाला लावली, तोंड गॅलरीकडे, निपल कोमट, ओठाला टेकवून थांबले. चिऊने बाटली हातात घेतली, नीट बघितली, ओळखली. मग ती माझ्याच तोंडाला लावली. मी हसले तर तीही हसली. मी बाटली पुन्हा तिच्याकडे नेली तशी ती माझ्या हातात सबंध वळली, बाटली खाली पडली, आणि तिने ब्लाउजचं बटण मुठीत धरलं.

अकराव्या महिन्यात आम्ही बाटली बंद करून दोन कानांच्या कपावर आलो. तोवर साडेनऊ महिन्यांच्या, दहा महिन्यांच्या चिऊने ती घरातल्या प्रत्येकाच्या हातून घेतली, शेजारच्या काकूंच्यासुद्धा. माझ्या हातून एकदाही नाही.